एकशे सदतीस कुलपं

भागीरथा मुनेश्वर हिच्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो, असं सगळं सुजातानगर म्हणतं. साफ खोटं. शेंड्यावर असता तर एका शिंकेत उडून गेला असता. तिचा राग पोटात असतो, मुरलेल्या लोणच्यासारखा, आणि ज्याच्या पानात वाढायचा त्याच्याच पानात ती तो वाढते.

चोवीस वर्षं तिनं यष्टीत कंडक्टरकी केली. यवतमाळ ते मुकुटबन, यवतमाळ ते महागाव, हे तिचे नेहमीचे रस्ते. ती लागली तेव्हा बाईनं खाकी घालून घंटीची दोरी ओढायची, हेच लोकांना नवं होतं. फुकटे लोक तिला बघून सैलावून बसायचे आणि तिकीट विचारलं की खिडकीबाहेरची कापसाची पऱ्हाटी बघायचे. पण बाईची एक खोड होती. गाडी भरली की ती मागच्या सीटपासून पुढं येत डोकी मोजायची. हातातला तिकिटाला भोक पाडायचा चिमटा प्रत्येक सीटच्या दांडीवर वाजवायची, टक्, टक्, टक्. मग तो आकडा वे-बिलाशी ताडून बघायची. वे-बिल म्हणजे कुठल्या थांब्यावर किती चढले, किती उतरले, ते लिहायचा कंडक्टरचा कागद. एकानं जरी फरक आला तरी गाडी हलत नसे.

महागावच्या बाजाराच्या दिवशी एकदा एकाहत्तर डोकी भरली आणि वे-बिल म्हणे सत्तर. भर उन्हात, दोन्हीकडे सोयाबीन, मधे गाडी उभी. लोक कावले, ड्रायव्हर कावला. बाई दारात पाय रोवून उभी. "सत्तरावा कोण अन् एकाहत्तरावा कोण ते मले मालूम झाल्याबिगर चाक फिरत नाई." वीस मिनिटांनी कुणा पुढाऱ्याचा जावई पेपरामागून तोंड काढून म्हणाला, "द्या वो बाई, एक द्या." त्या दिवसापासून त्या रस्त्यावर तिला नाव पडलं, कंडक्टरबाई. घरचं नाव फक्त नवऱ्याच्या तोंडात उरलं.

दोन वर्षांपूर्वी ती निवृत्त झाली. तिकिटांचा ट्रे केव्हाच जाऊन हातात मशीन आली होती, पण तो जुना चिमटा डेपोतल्या लोकांनी आठवण म्हणून तिच्या हातात ठेवला. आता तो तिच्या पिशवीत असतो, चष्म्याच्या घराशेजारी.

आणि एवढी गावोगाव बस पोचवणाऱ्या या बाईच्या स्वतःच्या वस्तीत बस नाही! यवतमाळच्या बायपासपलीकडे सुजातानगर. एकशे अडतीस घरं, एक विहार, एक पिंपळ. शेअर-ऑटो बायपासच्या पेट्रोल पंपाशी थांबतात. तिथून वस्ती दोन किलोमीटर, पायी. तरण्याताठ्या माणसाला त्याचं काही नाही. पण भीमराज आता तरणाताठा राहिला नव्हता.

भीमराज तिचा नवरा. जन्मभर गवंडीकाम केलं, अर्ध्या वस्तीच्या भिंती त्याच्या हातच्या. तीन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या बसल्या. तेव्हापासून मंगळवारी आणि शुक्रवारी त्याला सरकारी दवाखान्यात डायलेसिसच्या मशीनवर जावं लागतं. सकाळी आठची पाळी. आठ म्हणजे आठ. मशिनी मोजक्या आणि माणसं रांगेला. तुम्ही नाही आलात तर पुढच्याला लावतात, आणि त्यात त्यांची चूक नाही, पुढचाही मरणाच्याच दारात बसलेला असतो. एकट्या अय्यूबचा ऑटो वस्तीपर्यंत यायचा, पण सकाळी सातला त्याची शाळेच्या पोरांची फेरी. "भाभी, मी दोन जागी एकदम कसा येऊ, सांगा?" तो खरंच हळहळून म्हणायचा. मग कुणाच्या तरी मोटारसायकलवर मधे भीमराज आणि मागून त्याला धरून भागीरथा, अशी वरात निघायची. या हिवाळ्यात दोनदा पाळी चुकली. दुसऱ्या खेपेला भीमराजच्या पायावर बोट दाबलं की खड्डा तसाच राहायचा, आणि त्याला आडवं होता येईना, दम लागायचा. दोन दिवस ती त्याच्या पाठीला उशा लावून बसली. तिसऱ्यांदा चुकली तर काय, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती.

म्हणून नव्या शहरबसचे फलक लागले तेव्हा ती फलकासमोर उभी राहून मोठ्यानं वाचत होती. "प्रत्येक दारापासून दहा मिनिटांत बस." तिनं ते दोनदा वाचलं. मग नकाशा बघायला थेट शहरबस कक्षात गेली. भिंतीवर हा एवढा मोठा नकाशा, रंगीत रेघा, खाली लिहिलेलं की हरकती असतील तर सुनावणीच्या दिवशी मांडाव्यात. सुनावणी पुढच्या मंगळवारी. तिनं हिरव्या रेघेवर बोट ठेवलं आणि निघाली. बसस्थानक, दवाखाना, कॉलेज, बायपास, पेट्रोल पंप. पेट्रोल पंपाशी हिरवी रेघ वळून आल्या वाटेनं परत. पुढं सुजातानगरच्या जागी राखाडी ठिपका, त्यावर बारीक अक्षरात 'बंद घरे'.

तळपायाची आग मस्तकात जाते म्हणतात ना, तसं झालं तिचं.

"बंद घरं? कोणाचे घर बंद हाय? मी कोठून आली मंग, पिंपळावरून?"

टेबलामागं फरहाना नावाची चष्मेवाली मुलगी होती, कनिष्ठ अभियंता. नोकरीला लागून तिला वर्षही झालं नव्हतं. तिनं बाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि कपाटातून सर्वेक्षणाची फाईल काढली. बाकी कुणी असतं तर 'साहेब नाहीत' म्हणून वाटेला लावलं असतं. फरहाना बोट फिरवत वाचायला लागली. घर क्रमांक एक, कुलूप. दोन, कुलूप. तीन, कुलूप. पानामागून पान. एकशे अडतीसपैकी एकशे सदतीस घरांना कुलूप.

"तारीख कोणती हाय?" भागीरथेनं विचारलं.

फरहानानं तारीख वाचली. तो दसऱ्याचा दिवस होता. त्या दिवशी सुजातानगर नागपूरला असतं, दीक्षाभूमीवर. गेली वीस वर्षं दर दसऱ्याला असतं. यंदा चार यष्ट्या करारावर केल्या होत्या आणि दोन टेम्पो, आणि त्या साऱ्या माणसांची मोजदाद दुसऱ्या कुणी नाही, खुद्द भागीरथेनंच केली होती, चिमटा वाजवत. जाताना तीनशे एकोणनव्वद, येताना तीनशे एकोणनव्वद. ज्या म्हाताऱ्याकोताऱ्यांना प्रवास झेपत नाही, ती दाराला कडी-कुलूप घालून दिवसभर विहारात बसली होती.

"पण दसराच काहून निवडला यायनं?"

फरहानानं सर्वेक्षण करणाऱ्या बाहेरगावच्या कंपनीचा सूचनांचा कागद उलटा फिरवून तिच्यापुढं धरला. 'सणाचा दिवस निवडावा. कुटुंब घरी असते.' वाचताना त्या मुलीचेच कान लाल झाले. "मी तेव्हा इथे नव्हते, मावशी," ती म्हणाली.

उंटावरून शेळ्या हाकणारे बरेच पाहिले, पण यांना तर शेळ्या कुठल्या आणि उंट कुठला हेही ठाऊक नाही! सण म्हटला की माणूस पाट मांडून घरात पुरणपोळी खात बसतो, एवढीच यांची अक्कल. पिंपळाखाली थांबून एकाला, अहो एका पोराला जरी विचारलं असतं की बाबा, तुमची माणसं कुठं असतात या दिवशी, तरी झालं असतं. पण विचारायला तोंड उघडावं लागतं आणि कुलपावर खूण करायला नुसता पेन लागतो.

भागीरथा उठली. दारापर्यंत गेली आणि परत फिरली. चोवीस वर्षांची खोड, आकडा जुळल्याशिवाय पाय निघत नाही. "एकशे सदतीस कुलपं. मंग अडतिसावं घर कोणाचं?"

फरहानानं शेवटचा कागद काढला. तो एकच अर्ज पूर्ण भरलेला होता. रोज प्रवास करता का? नाही. बसची गरज आहे का? नाही. खाली सही. भिंत बांधल्यासारखी एकेक अक्षर सरळ रचलेली ती सही तिनं लग्नाच्या नोंदीवर पाहिली होती, बँकेत पाहिली होती. भीमराज मुनेश्वर.

घरापर्यंतचे दोन किलोमीटर ती कशी आली, ते तिला कळलं नाही. भीमराज खाटेवर बसून पिंपळाच्या सावलीकडं बघत होता. तिनं पिशवी आपटली. "मले वाटे दसऱ्याले तुमीबी विहारात होते! साऱ्या वस्तीत एक माणूस घरी होता, एक! अन् त्यानं लिहून देल्लं, बस नाई पाहिजे! काहून? लाज वाटली काय बिमार हाव म्हणाची? का माहे हाड अजून पुरेसे झिजले नाई? हात दाखवून अवलक्षण म्हणते ते हेच!" शेजारच्या तानाबाई कुंपणापाशी आल्या आणि आल्या तशाच परत गेल्या. भागीरथा बोलतच होती. वीट उचलायला लाजला नाहीत, पाणी मागायला लाजता, मरायला तेवढे तयार असता, असं बरंच काही. रागात माणूस मागचं-पुढचं सगळं एकाच पिशवीत कोंबतो.

भीमराजनं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, "भागी, माहं आयकशील काय?"

"बोला."

"त्या माणसानं इचारलं, काका, रोज जाता काय कोठी? मी म्हटलं, रोज नाई जात, मंगळवारी अन् शुक्रवारी जातो. तो म्हणे, दोनच खाने हाय काका, हो का नाही. मी म्हटलं, रोज तं नाई जात गा मी. खोटं कसं सांगू? त्यानं नाहीवर खूण केली. मंग म्हणे, वरतं नाही आलं तं खालतंही नाही लिहा लागते. मी सही केली." तो थांबला. "तापलं होतं पोरगं उन्हात. च्या मांडून देल्ला मी त्याले."

भागीरथा उंबऱ्यावर बसली. तिला आधी स्वतःची लाज वाटली, भरपूर वाटली. या माणसानं आयुष्यात एका विटेचं खोटं सांगितलं नव्हतं, आणि त्याला आपण वस्तीदेखत काय काय बोललो. पण लाज काही तिच्या पोटात फार वेळ टिकत नाही. थोड्या वेळानं तिथं पुन्हा रागच येऊन बसला, आणि या खेपेला त्याला बरोबर पत्ता सापडला होता. हो आणि नाही. ज्याचा जीव आठवड्यातून दोन दिवसांवर टांगलेला आहे, त्याच्यासाठी यांच्या कागदावर एक खाना नाही!

त्या संध्याकाळपासून तिनं वस्तीचं वे-बिल लिहायला घेतलं. वही मांडीवर घेऊन ती दारोदार गेली. कोण, कुठं, किती वाजता, आठवड्यातून कितीदा. पहाटे दवाखान्यात झाडूपोछा करायला जाणाऱ्या अकरा बाया. कापसाच्या जिनिंगवर जाणारे एकोणतीस. बारावीची अपेक्षा आणि तिच्या सोबतच्या सात पोरी, ज्या पेट्रोल पंपापर्यंत घोळक्यानं चालतात, कारण एकटीनं चालावं असा तो रस्ता नाही. पहिल्या ओळीवर तिनं लिहिलं: भीमराज, दवाखाना, सकाळी पावणेसात, आठवड्यातून दोनदा.

सुनावणी मंगळवारी बाराला, आणि मंगळवार म्हणजे नेमका मशीनचा दिवस. "मी येतो संगं," भीमराज म्हणाला. "तुमी मशीनवर जा, मुकाट्यानं," ती म्हणाली. अय्यूबनं त्या दिवशी शाळेची फेरी भावाला दिली आणि भीमराजला स्वतः वेळेत दवाखान्यात पोचवलं.

बारा वाजता सुजातानगर शहरबस कक्षाच्या जिन्यावर उभं होतं. मजुरी पाडून आलेली माणसं, कडेवर पोरं घेतलेल्या बाया. भागीरथा खालच्या पायरीपासून वर चढत गेली आणि लोखंडी कठड्यावर चिमटा वाजवत गेली. टक्, टक्, टक्. आत टेबलापाशी बसलेले कंपनीचे साहेब तो आवाज ऐकून दाराकडं बघायला लागले. ती आत आली ती आकडा सांगतच. "एकशे चौऱ्याण्णव. बंद घरातले."

साहेब शहाणे होते, म्हणजे आवाज चढवत नव्हते. गुळगुळीत माणसांचा हाच त्रास, रागाला पकडायला कुठं कंगोराच सापडत नाही. "ताई, तुमच्या भावना आम्ही समजू शकतो. पण मार्ग आकडेवारीवर ठरतात. तुमच्या भागात घरं बंद आढळली."

"त्या दिवशी आमी दीक्षाभूमीवर होतो. हे घ्या त्या दिवसाची यादी, नावानिशी. तीनशे एकोणनव्वद."

"असेल. पण जो एक रहिवासी भेटला, त्यानंही लेखी दिलंय की बसची गरज नाही." साहेबांनी कागद वर धरला. "आता हे आम्ही कसं नाकारायचं, तुम्हीच सांगा."

मागं कुजबुज झाली. ती सही कुणाची, हे आता सगळ्यांना दिसलं होतं. भागीरथेनं वे-बिलाची वही टेबलावर ठेवली. "हे अख्ख्या वस्तीचं वे-बिल हाय. कोण किती वाजता कोठी जाते, समदं हाय याच्यात."

"खाजगी वही ग्राह्य धरता येत नाही, ताई."

"चोवीस वर्षं माह्या वे-बिलावर सरकार चाललं साहेब, एका डोक्याचा फरक आला नाई! अन् तुमी कुलपं मोजून आले अन् मले ग्राह्य शिकवता? कुलूप बसमधी बसते काय? तिकीट काढते काय कुलूप?"

जिन्यावर हशा उसळला, आणि तो थांबायच्या आत दारातली माणसं बाजूला झाली. अय्यूबनं भीमराजला काखेत धरून आत आणलं. मशीनवरून उठून तो सरळ इथं आला होता. डाव्या दंडाला पट्टी, ओठ कोरडे, चेहरा राखेसारखा. भागीरथा त्याला रागवायला वळली. तिनं खुर्ची ओढून दिली. भीमराज बसला नाही, खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

"तो कागद माहा हाय, साहेब," तो म्हणाला. "'नाही' मी नाई लिवलं. मी म्हटलं होतं मंगळवारी अन् शुक्रवारी. खाना नव्हता तुमच्यापाशी."

साहेबांनी कागद खाली ठेवला, सरळ केला, पुन्हा वाकडा केला. त्या पांढऱ्या पट्टीकडं त्यांनी एकदा बघितलं आणि नजर काढून घेतली. "ठीक आहे," ते म्हणाले. "फेरसर्वेक्षण घेऊ. सगळी माणसं घरी असतील असाच दिवस धरू." त्यांनी समोरचं टेबल-कॅलेंडर ओढलं, पान उलटलं आणि पेनानं एका तारखेला गोल केला. "चौदा एप्रिल. सुट्टीच आहे. सगळे घरी भेटतील."

आधी अय्यूबनं कपाळावर हात मारला. "या अल्ला! साहेब, चौदा एप्रिल?"

बाबासाहेबांच्या जयंतीला सुजातानगर घरी! त्या दिवशी वस्तीतलं तान्हं पोरसुद्धा निळा फेटा बांधून मिरवणुकीत असतं, विहारात असतं, चौकात असतं, घर सोडून सगळीकडं असतं. म्हणजे पुन्हा पेन, पुन्हा एकशे सदतीस कुलपं, पुन्हा राखाडी ठिपका. जिन्यावर आवाज चढायला लागला. साहेबांना अजून कळलं नव्हतं की काय झालं. ते फरहानाकडं बघत होते आणि फरहाना जमिनीकडं.

भागीरथा ओरडली नाही. ती टेबलापाशी गेली, पिशवीतून चिमटा काढला, कॅलेंडरचं ते पान उचललं आणि चौदा तारखेवर चिमटा दाबला. खट्. चौदाच्या जागी गोल भोक पडलं. साहेब खुर्चीत मागं सरकले.

"तेराले या," ती म्हणाली. "सोमवार हाय. सकाळी साडेसहाले, पिंपळाखाली. कुलपं मोजू नका, डोके मोजा. नाई जमलं तं मी मोजून देतो."

साहेब त्या भोकाकडं बघत राहिले. मग म्हणाले, "तेरा," आणि फरहानाला लिहायला सांगितलं.

फरहानानं लिहिलं. पण ती तिथं थांबली नाही. तिनं एक कोरा अर्ज घेतला, पट्टी घेतली आणि 'हो' आणि 'नाही' यांच्या शेजारी साहेबांच्या समोरच आणखी एक चौकोन आखला. तो कागद घेऊन ती भीमराजपाशी आली. "काका, मला आत्ताच भरायचाय. प्रवास करता का?"

"हो."

"आठवड्यातून कितीदा?"

"दोनदा."

"किती दिवस लागेल बस?" हा प्रश्न अर्जावर नव्हता. तिला नियमित की तात्पुरती, एवढंच विचारायचं होतं, आणि तोंडातून शब्द निघाल्यावर तिचं तिलाच कळलं की आपण काय विचारलं. भागीरथेनं झटकन वर बघितलं.

भीमराजनं मात्र रागावल्यासारखं काही केलं नाही. तो बोलायच्या आधी नेहमीसारखा थांबला, खरं तेवढंच सांगायचं म्हणून.

"जगतो तवर," तो म्हणाला.

फरहानानं तसंच लिहिलं.